केंद्रकातील ‘भेसळ’ आणि आपले जर्नल

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पेशीची वाटणी एक-चौदाच्या उताऱ्यासारखी केलेली असते. कोणता भाग कोणाच्या नावावर हे एकदा लिहिले की लिहिले. डीएनए केंद्रकाच्या नावावर, श्वसन तंतुकणिकांच्या नावावर आणि ॲक्टिन-मायोसिन ही प्रथिनांची जोडी स्नायूंच्या नावावर. परीक्षेत प्रश्न येतो, उत्तर ठरलेले असते, गुणही ठरलेले असतात. पण आपल्या गोव्यात कोणालाही ठाऊक आहे की, उताऱ्यावर नाव एकाचे असते आणि त्या जमिनीत पिढ्यानपिढ्या राहणारा मुंडकार दुसराच असतो. पेशीतही तसेच निघाले. स्नायूंच्या नावावर चढवलेले ॲक्टिन आणि मायोसिन केंद्रकातही राहत होते, जनुकांच्या वाचनाच्या कामात हातभार लावीत होते, आणि कित्येक वर्षे शास्त्रज्ञ त्यांना ‘चुकून आत आलेली भेसळ’ म्हणत होते.

विद्यार्थी मित्रहो, हा लेख त्या मुंडकाराविषयी आहे. पण केवळ त्याच्याविषयी नाही. ही कथा नीट वाचली तर आपल्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळांना, आणि विशेषतः आपण दरवर्षी भरून देत असलेल्या जर्नलांना, विचारण्यासारखा एक प्रश्न तिच्यात दडलेला आहे. तो प्रश्न मी शेवटी विचारणारच आहे. आधी कथा.

मोटर-प्रथिने म्हणजे काय? पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर, मोरजी-मांद्रे-हरमलकडे, ज्यांनी रापण ओढताना पाहिली असेल त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. दोराला माणसे लागलेली असतात. प्रत्येकजण दोर धरतो, अंग मागे टाकून ओढतो, सोडतो, पुढे सरून पुन्हा धरतो. सगळेच एका वेळी हात सोडत नाहीत, म्हणून जाळे परत समुद्रात जात नाही. स्नायूमध्ये दोर म्हणजे ॲक्टिनचा तंतू, आणि ओढणारी माणसे म्हणजे मायोसिनचे रेणू. या माणसांची पेज म्हणजे एटीपी. एटीपीच्या एका रेणूच्या विघटनातून जी ऊर्जा मिळते तिच्या बळावर मायोसिनचे डोके एकदा वळते आणि दोर काही नॅनोमीटर सरकतो. आपण वही उचलतो, तेव्हा असे असंख्य रापणकार दोराला लागलेले असतात.

मायोसिनला हे नाव जर्मन शास्त्रज्ञ कूने यांनी १८६४ साली दिले. ॲक्टिन मात्र १९४२ साली हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांच्या हाती लागले. दोन्ही स्नायूत सापडली म्हणून स्नायूंच्या नावावर चढली. पुढे कळले की जवळजवळ प्रत्येक पेशीत ती असतात. मोटर-प्रथिनांची आणखी दोन घराणीही नंतर उजेडात आली. १९६५ साली गिबन्स यांनी डायनीनला नाव दिले आणि १९८५ साली माकुलाच्या जाड चेतातंतूवर काम करताना कायनेसिन सापडले. ही दोन्ही पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून माल वाहतात. खाणी जोरात चालत तेव्हाचे डिचोलीच्या रस्त्यांवरील खनिजाचे ट्रक आठवावेत. फरक इतकाच की कायनेसिनचे पाऊल ८ नॅनोमीटरचे असते आणि डायनीन त्याच वाटेने उलट दिशेला धावते. एकाच मालाला दोघेही जुंपलेले असले की रस्सीखेच कशी होते, एकट्याने दुबळे असलेले डायनीन जमावाने मोठे ओझे कसे ओढते, याचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला व तो जगभर वाखाणला गेला. हे मुद्दाम सांगतो, कारण असले संशोधन फक्त सातासमुद्रापलीकडे होते अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते.

आता केंद्रकाकडे वळू. माणसाच्या एका पेशीतील डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरेल. तो ज्या केंद्रकात मावलेला असतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आतबाहेर. या गुंडाळीतले नेमके हवे ते जनुक नेमक्या वेळी उघडायचे आणि त्याची आरएनए-प्रत काढायची, याला प्रतिलेखन म्हणतात. प्रत काढणारे विकर म्हणजे आरएनए पॉलिमरेज. हे विकर स्वतःच एक मोटर आहे. १९९५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या चिमट्यात धरून जिवाणूच्या पॉलिमरेजचा जोर मोजला, तेव्हा ते सुमारे १४ पिकोन्यूटन इतक्या बलाविरुद्धही डीएनएवरून पुढे सरकत राहते असे दिसले. हा जोर मायोसिन व कायनेसिन यांच्या एकेका रेणूपेक्षा पुष्कळच जास्त. माणसाचे डिस्ट्रॉफिन नावाचे जनुक इतके लांब आहे की त्याची एक प्रत पुरी व्हायला या मोटरीला सुमारे १६ तास लागतात. म्हणजे केंद्रकात प्रवास आहे, ओझे आहे, खेचाखेच आहे. मग तेथे दोर आणि दोर ओढणारेही असतील काय? हा प्रश्न आज साधा वाटतो. एके काळी तो विचारणाऱ्याकडे लोक संशयाने पाहत.

१९७७ साली क्लार्क आणि मेरियम या दोघांनी आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशीतील केंद्रकात ॲक्टिन असल्याचे दाखविले. बेडकाच्या अंडपेशीचे केंद्रक इतके मोठे की ते नुसत्या डोळ्यांना दिसते आणि बारीक चिमट्याने हाताने वेगळे काढता येते. १९८४ साली दोन महत्त्वाचे निबंध आले. स्ट्रासबुर्ग येथे शांबाँ यांच्या गटातील एग्ली व सहकारी प्रतिलेखन सुरू करायला मदत करणारा एक घटक शुद्ध करीत गेले, आणि शेवटी हातात आले ते ॲक्टिन! त्यांनी निबंधाचे शीर्षकच प्रश्नार्थक ठेवले. त्याच वर्षी जर्मनीत शेअर आणि सहकाऱ्यांनी एका जलचर सरड्यासारख्या उभयचराच्या अंडपेशीच्या केंद्रकात ॲक्टिनविरोधी प्रतिपिंडे टोचली. या पेशीतील गुणसूत्रांवर प्रतिलेखन चालू असताना दिव्याच्या काचा घासण्याच्या कुंच्यासारखे पसरलेले फास दिसतात. प्रतिपिंडे गेल्यावर ते फास आक्रसले आणि प्रतिलेखन थांबले.

इतके झाले तरी बहुसंख्यांना ते पटले नाही. आणि येथे आपण घाई करून त्या शंकेखोरांना मूर्ख ठरवू नये. त्यांच्याजवळ कारणे होती, आणि ती सबळ होती. पेशीद्रवात ॲक्टिन इतके मुबलक असते की केंद्रक कितीही जपून वेगळे काढले तरी थोडेफार त्याला चिकटून यायचेच. विषारी भूछत्रापासून मिळणारे फॅलॉइडिन हे द्रव्य ॲक्टिनचे तंतू रंगवते. तेच वापरून पाहिले तर पेशीद्रव झगमगते आणि केंद्रक काळेच राहते. शिवाय केंद्रकात मायोसिन कोणी दाखवले होते? दोर आहे म्हणता, पण ओढणारे कोठे आहेत? मायोसिनच्याही बाबतीत काही नोंदी होत्या, पण त्यांच्यावरही भेसळीचाच शिक्का बसला. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी ही शास्त्रज्ञ मंडळी होती.

शंका फिटली ती वादविवादाने नव्हे. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात प्रिमल डी लानेरोल यांच्या गटाला १९९७ साली केंद्रकात मायोसिन-१ जातीचे प्रथिन असल्याचा पुरावा मिळाला. पण ‘हे बाहेरचेच आत आले असेल’ या आक्षेपाला उत्तर कसे द्यायचे? त्यांनी त्या प्रथिनाची रचना तपासली. १९‌९७ नंतर तीन वर्षांनी, २००० साली, त्यांनी जाहीर केले की या मायोसिनच्या एका टोकाला १६ अमिनो आम्लांची एक जादा शेपटी आहे. मग त्यांनी फक्त त्या १६ अमिनो आम्लांना ओळखणारे प्रतिपिंड तयार केले. ते केंद्रकात जाऊन बसले. इतकेच नव्हे तर त्याच्याबरोबर आरएनए पॉलिमरेज-२ सुद्धा ओढून बाहेर आले, आणि परीक्षानळीतील आरएनए-निर्मिती त्या प्रतिपिंडाने रोखली गेली. दुसऱ्याच्या घरात शिरलेला माणूस आणि त्या घरातला माणूस यांत फरक करण्यासाठी अंगावरची खूण शोधावी, तशी ही १६ अमिनो आम्लांची खूण होती.

नंतर दार उघडल्यासारखे झाले. २००४ या एका वर्षात आरएनए पॉलिमरेजच्या १, २ आणि ३ या तिन्ही प्रकारांच्या कामाला ॲक्टिन लागते असे सांगणारे निबंध प्रसिद्ध झाले. प्रागचे होझाक आणि हायडेलबर्गच्या इंग्रिड ग्रुम्ट यांच्या गटांनी त्यात केंद्रकीय मायोसिनचेही काम दाखविले: ॲक्टिन पॉलिमरेज-१ ला धरून असते, मायोसिन प्रतिलेखन सुरू करणाऱ्या एका घटकाला धरते, आणि दोघांच्या हातमिळवणीतून यंत्र सुरू होते. पुढे असेही आढळले की हे मायोसिन डीएनएची गुंडाळी सैल करणाऱ्या प्रथिनांच्या गटातही सामील असते. २००६ साली मायोसिन-६ हे पॉलिमरेज-२ च्या सोबत आढळले. हे इतर मायोसिनांच्या उलट दिशेने चालणारे प्रथिन. त्याच्या जनुकात बिघाड झाला तर बहिरेपणा येतो, एवढेच तोवर बहुतेकांना ठाऊक होते. आणि फॅलॉइडिनचा तो काळा डाग? २०१३ साली जिवंत पेशीच्या केंद्रकातील ॲक्टिन दाखविणारी नवी खूण वापरली तेव्हा, पेशीला वाढीचा संदेश मिळताच केंद्रकात ॲक्टिनचे तंतू क्षणभर तयार होतात आणि विरतात असे दिसले. तंतू नव्हते असे नाही. पाहण्याची रीत अपुरी होती.

या कथेतला एक अध्याय मुंबईत लिहिला गेला. इंग्लंडमधील ब्रुनेल विद्यापीठात जोआना ब्रिजर यांच्याकडे काम करताना इशिता मेहता यांनी २०१० साली दाखविले की, पेशींचा पोषक द्रव काढून घेतला तर काही गुणसूत्रे १५ मिनिटांच्या आत केंद्रकातील आपली जागा बदलतात, आणि केंद्रकीय मायोसिन काढून घेतले तर ती हलत नाहीत. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. जे. राव यांच्या गटाने वेगळा प्रश्न विचारला. कर्करोगावर वापरले जाणारे सिसप्लॅटिन हे औषध देऊन डीएनएला इजा केली तर गुणसूत्रांचे काय होते? २०१३ साली त्यांनी नोंदविले की १७ व १९ क्रमांकाची, जनुकांनी गजबजलेली गुणसूत्रे केंद्रकाच्या आतल्या भागातून कडेला जातात, आणि दुरुस्ती झाली की परत येतात. २०१६ साली मुग्धा कुलश्रेष्ठ, इशिता मेहता आणि सहकाऱ्यांनी दाखविले की या जाण्यामागे केंद्रकीय मायोसिन-१ आहे. इजा झाल्याची रासायनिक खूण उमटली की ते गुणसूत्रांवर जमा होते. पेडण्याहून रात्री गाडीत बसले तर सकाळी जेथे उतरता येते, त्या शहरात हे शोध लागले.

तथापि ‘साप साप’ म्हणून भुई धोपटण्याचेही कारण नाही. केंद्रकात रापणीसारखी ओढाओढ चालते असे सरळ चित्र काढून मोकळे होता येणार नाही. केंद्रकीय मायोसिन-१ नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले गेले. ते जगले, वाढले. कारण त्याच जनुकापासून बनणारे, ती १६ अमिनो आम्लांची शेपटी नसलेले भावंड-प्रथिनही केंद्रकात जाते आणि काम निभावते. पेडण्याच्या प्रेक्षकांना याचे नवल वाटू नये. दशावतारात एखादा नट आला नाही तर दुसरा त्याचे सोंग घेऊन उभा राहतो. संवाद आधी लिहिलेले नसतातच. शिवाय हे मायोसिन जनुकाला खेचून नेते, की पॉलिमरेजला जागेवर नुसते धरून ठेवते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. विज्ञानात आजचे उत्तरही उद्याच्या तपासणीसाठीच असते.

आता माझा प्रश्न. समजा, १९७७ साली केंद्रकात ॲक्टिन दिसल्यावर क्लार्क-मेरियम यांनी ‘पुस्तकात असे नाही’ म्हणून ती नोंद खोडली असती तर? आपल्या महाविद्यालयांत आपण नेमके हेच करायला शिकतो आणि शिकवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनुमापनाचे रीडिंग किती यायला हवे हे प्रयोगाच्या आधीच वर्गात सर्वांना ठाऊक असते. कोणाचे वेगळे आले तर तो ते तपासत नाही, शेजाऱ्याचे उतरवून घेतो. कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजन सूक्ष्मदर्शकातून पाहायचे असते. पण जर्नलातल्या आकृत्या बहुधा पुस्तकातल्या असतात. खऱ्या काचपट्टीवर चारही अवस्था इतक्या सुबकपणे कधीच ओळीने उभ्या नसतात. मागच्या वर्षीचे जर्नल एके काळी हातोहाती फिरे. आता त्याचे फोटो फोनवरून फिरतात. वीस विद्यार्थ्यांच्या वीस जर्नलांत दुसऱ्या दशांशस्थळापर्यंत एकच आकडा येतो, हा निसर्गाचा चमत्कार आहे, आणि आपण त्यावर सही करतो.

यावर आमचे प्राध्यापक बंधू-भगिनी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या, एका सूक्ष्मदर्शकामागे अनेक विद्यार्थी, आणि बाहेरचे परीक्षक रीडिंग जुळते की नाही एवढेच पाहतात. हे सारे खरे आहे. पेडणे-डिचोलीच्या खेड्यांतून दोन-दोन बसगाड्या बदलून विज्ञान शिकायला जाणारा मुलगा परतीची गाडी चुकेल या धास्तीने प्रयोग उरकतो, हेही खरे. पण या अडचणी खोट्या रीडिंगचे कारण सांगतात. समर्थन करीत नाहीत. आणि यंत्रसामग्रीचे म्हणाल तर केंद्रकातील ॲक्टिनच्या शोधाची सुरुवात हातातल्या चिमट्याने आणि स्थिर नजरेने झाली. महागडी साधने पुढे आली.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. कोणी म्हणेल, ‘विद्यार्थ्याचे वेगळे रीडिंग म्हणजे शोध नव्हे, शंभरातील नव्याण्णव वेळा पिपेट अस्वच्छ असते.’ अगदी कबूल. म्हणूनच तर ही कथा सांगितली. शंकेखोर शास्त्रज्ञही ‘भेसळ असेल’ असेच म्हणत होते, आणि ते म्हणणे रास्तच होते. चूक झाली ती ज्यांनी ‘भेसळ असेल’ याचा अर्थ ‘भेसळ आहेच’ असा केला त्यांची. भेसळ आहे हेदेखील सिद्ध करावे लागते. पिपेट धुऊन पुन्हा पाहा. द्रावण नवे घ्या. शेजाऱ्याच्या हातून करवून घ्या. मग रीडिंग जुळले तर चूक कोठे होती हे कळले, आणि नाही जुळले तर शिकण्यासारखे काहीतरी हाती लागले. दोन्हीकडून लाभच आहे. खोडरबर वापरले तर मात्र हाती काहीच लागत नाही. उलट मनाला एक सवय लागते. हीच मुले उद्या औषध कंपनीत द्रव्यांची शुद्धता तपासतील, रुग्णालयात रक्त तपासतील, विहिरीच्या पाण्याचा अहवाल देतील. तेथे ‘यायला हवे ते’ रीडिंग लिहिण्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

म्हणून तीन साध्या सूचना करतो; त्यांना पैसा लागत नाही. पहिली: जर्नलाच्या प्रत्येक प्रयोगाखाली ‘अपेक्षेपेक्षा वेगळे काय आढळले’ अशी चार ओळींची जागा ठेवावी, आणि ती प्रामाणिकपणे भरणाऱ्याला गुण द्यावेत. दुसरी: वर्षातून निदान एक प्रयोग असा असावा की ज्याचे उत्तर शिक्षकांनाही आधी ठाऊक नसेल. आपल्या गावच्या तळ्याचे पाणी, खाजन शेतातील माती, खाणीच्या कडेला उगवलेले गवत, असे विषय दारात पडलेले आहेत. तिसरी: तोंडी परीक्षेत ‘रीडिंग किती आले?’ याऐवजी ‘ते खरे आहे हे तू कशावरून म्हणतोस?’ असे विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ जर्नले आपोआप खरी होतील.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे की, या सूचना मान्य होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. चालू सत्रातच, तुमचे रीडिंग शेजाऱ्याशी जुळले नाही तर ते खोडू नका. शाईने लिहा, बाजूला दिनांक घाला, आणि पुन्हा एकदा मोजा.